वळविलेल्या नदीचा वांटा

डोंगरांतील पाणी एका उतारावरून दुसऱ्या उतारावर नेणें ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाहीं. कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचें पाणी सह्याद्रि भेदून पोफळीस उतरतें व पुढें वाशिष्ठींत जातें, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा कार्यांत डोंगराची व नदीची हानि कितपत टाळतां येते, याचा विचार करणाऱ्यास ऑस्ट्रेलियांतील स्नोई योजनेचा इतिहास विशेष उद्बोधक वाटेल. कारण तेथें मोठी दक्षता आणि मोठी उपेक्षा यांची गांठ एकाच योजनेंत पडली.

स्नोई नदी कोझिअस्को शिखराच्या परिसरांत उगम पावून दक्षिणेकडे समुद्रास मिळते. पश्चिमेकडील मैदानें मात्र कोरडीं. म्हणून तिचें पाणी बोगद्यांतून मरे व मरमबिजी या नद्यांकडे वळवावें, आणि तें खालीं पडतांना त्यापासून वीजहि निर्माण करावी, असा बेत ठरून १९४९ सालीं कायदा झाला. १९७४ पर्यंत १६ धरणें, ७ वीजगृहें व सुमारें ९० मैलांचे बोगदे पुरे झाले.

या पर्वताच्या माथ्यावर एकोणिसाव्या शतकापासून उन्हाळ्यांत गुरें व मेंढरें चरावयास नेत, आणि कोवळें गवत फुटावें म्हणून रान पेटवीत. गवताचें आवरण गेलें कीं भुसभुशीत माती वितळत्या बर्फाबरोबर वाहून जाई. १९४४ सालीं हा प्रदेश राखीव उद्यान ठरला, तरी चराई पुरती थांबली नव्हती. धरणें उभीं राहूं लागतांच या प्रश्नास निराळेंच महत्त्व आलें. कारण ती माती जलाशयांत सांचली तर योजनेचेंच आयुष्य घटणार होतें. १९५७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीनें उंच पाणलोट प्रदेशाच्या दुरवस्थेवर अहवाल काढला, व पुढच्याच वर्षीं ४५०० फुटांवरील चराई बंद करण्यांत आली. उघड्या पडलेल्या उतारांवर वाळलेलें गवत पसरून, डांबर शिंपडून व तारेची जाळी बसवून माती धरून ठेविली, तेव्हां तेथें पुन्हां हिरवळ रुजली. शिखराजवळचीं कांहीं नियोजित बांधकामेंहि शास्त्रज्ञांच्या विरोधामुळें सोडून द्यावीं लागलीं.

हें सर्व स्तुत्यच होय. परंतु माती राखण्यांत योजनेचा लाभ होता, आणि खालच्या नदीस पाणी सोडण्यांत तिचा तोटा होता. म्हणून पहिलें काम झालें व दुसरें राहिलें. १९६७ सालीं जिंडाबाइनचें धरण झाल्यावर त्याखालीं मूळ प्रवाहापैकीं अवघें एक टक्का पाणी उरलें. पात्र धुऊन काढणारे पूर थांबले, वाळू व गाळ सांचला, परकीय झाडें माजलीं, आणि मुखाशीं समुद्राचें खारें पाणी आंत सरकलें.

नदीकांठच्या लोकांचें गाऱ्हाणें ऐकूं जाण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९९९ सालीं व्हिक्टोरिया प्रांताच्या निवडणुकींत श्री. क्रेग इंग्राम हे अपक्ष उमेदवार मुख्यतः याच प्रश्नावर निवडून आले, आणि कोणत्याहि पक्षास बहुमत नसल्यामुळें त्यांच्या मतास मोल आलें. पुढें मूळ प्रवाहाच्या २८ टक्के पाणी नदीस परत देण्याचें ध्येय सरकारांनीं मान्य केलें, व २००२ पासून पाणी सोडण्यास आरंभ झाला. त्याकरितां कालव्यांची गळती थांबवून पाणी वांचवावें लागलें. कारण मध्यंतरीं पश्चिमेकडील शेतें व गांवें त्याच पाण्यावर अवलंबून राहिलीं होतीं, आणि त्यांचा हक्क मोडणें हाहि अन्यायच ठरला असता.

देशास वीज व पाणी हवेंच, याविषयीं वाद नाहीं. मात्र जी हानि योजनेच्या स्वतःच्या अंगास लागते तिचा बंदोबस्त अभियंता आपण होऊन करितो. दुसऱ्याच्या अंगास लागणारी हानि कायद्यानेंच टाळावी लागते. यासाठीं नदीचा वांटा पहिला सुरुंग लावण्यापूर्वींच कागदावर लिहिला जावा. मागाहून तो काढावयाचा म्हणजे कोणाच्या तरी पानांतला घांस उचलावा लागतो.