गोड्या पाण्याचे ऋण

गेल्या वैशाखात कोकणातील एका खाडीकाठी काही दिवस राहण्याचा योग आला. गावातील विहिरी आटत चालल्या होत्या आणि हंड्यांची रांग पहाटेपासूनच लागे. अशा दिवसांतही शेजारचे एक वृद्ध नाखवा समुद्रावरून परतले की, अंगणातील पिंप गोड्या पाण्याने भरीत, होडीवरून उतरविलेले नवे इंजिन त्यात उभे करीत आणि दहा मिनिटे ते संथपणे चालवीत. “नाखवा, माणसांस पाणी पुरेना, आणि तुम्ही यंत्रास न्हाऊ घालता?” असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “मास्तर, घरात दोन हंडे कमी आले तर माणूस बोलून दाखवतो. इंजिन बोलत नाही, ते एक दिवस भर समुद्रात बंद पडतं. आणि त्याचं कर्ज अजून फिटायचं आहे.”

समुद्रावर चालण्यासाठी घेतलेल्या यंत्रास गोड्या पाण्याची ही ओढ का असावी? ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यंत्रशास्त्रात असले, तरी उरलेले अर्धे इतिहासात आहे.

होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकवावयाचे आणि काम संपताच काढून घ्यावयाचे इंजिन ही कल्पना एकट्या माणसाची नव्हे. गुस्ताव्ह त्रुव्हे ह्या फ्रेंच संशोधकाने 1881 साली पॅरिस येथे सीन नदीवर विजेच्या घटांवर चालणारे असे यंत्र एका होडीस लावून दाखविले होते. पुढे 1905 च्या सुमारास येल विद्यापीठात शिकलेल्या कॅमेरून वॉटरमन ह्याने अमेरिकेतील डेट्रॉइट येथे पेट्रोलचे यंत्र बनविले व ते विक्रीसही आणले. परंतु हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने गेले, ते ओले एव्हिन्रूड ह्याच्यामुळे.

एव्हिन्रूडचा जन्म 1877 साली नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात येऊन स्थायिक झाले. हा प्रांत सरोवरांचा. शाळेचे शिक्षण बेताचेच झालेल्या ह्या मुलाने कारखान्यांत राबून यंत्रविद्या हस्तगत केली आणि मिलवॉकी शहरात स्वतःचा उद्योग मांडला. एका उन्हाळी दिवशी बेस नावाच्या तरुणीसाठी आइस्क्रीम आणण्यास तो सरोवरातून वल्ही मारीत गेला, आणि परतेपर्यंत ते वितळून गेले. त्या फजितीतून ह्या यंत्राची कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, 1906 साली बेस त्याची पत्नी झाली आणि 1909 साली त्याचे यंत्र बाजारात आले. दीड अश्वशक्ती, वजन 62 पौंड आणि किंमत 62 डॉलर! जाहिरातीचा मजकूर बेसने लिहिला व धंद्याचा पत्रव्यवहारही तिनेच सांभाळला. मात्र ह्या श्रमांनी तिची प्रकृती ढासळली. तेव्हा 1914 च्या सुमारास ओलेने आपला हिस्सा भागीदारास विकून टाकला आणि पाच वर्षे ह्या धंद्यात न पडण्याचे वचन दिले. त्याचे नाव यंत्रांवर राहिले. तो स्वतः मात्र बाहेर पडला.

मुदत संपल्यावर त्याने नवे यंत्र रचले. आता त्याने ॲल्युमिनियमचा भरपूर उपयोग केला. त्यामुळे दोन सिलिंडरांचे, तीन अश्वशक्तीचे यंत्र पन्नास पौंडांच्या आत बसले. पुढे 1929 साली कंपन्यांचे एकीकरण झाले आणि ओले आपल्या जुन्या नावाचा पुन्हा धनी झाला. परंतु 1933 साली बेस वारली व पुढच्याच वर्षी तोही गेला.

आता नाखवांच्या पिंपाकडे वळू. हे यंत्र थंड राहते ते ज्या पाण्यावर चालते त्याच पाण्याने. एक लहानसा पंप ते वर ओढतो, सिलिंडरांभोवती खेळवितो आणि बाहेर टाकतो. सरोवरात ही योजना किती सोयीची! तेथे पाणी गोडे आणि अमर्याद. तीच योजना खाऱ्या समुद्रावर नेली की, आत उरलेले पाणी वाळून मीठ मागे राहते, वाटा बुजत जातात आणि ज्या ॲल्युमिनियमने यंत्र हलके झाले, तेच क्षाराने झिजू लागते. म्हणून परतल्यावर गोड्या पाण्याने आतील वाटा धुवाव्या लागतात. मात्र पाणी आत घेण्याच्या जाळ्या बुडाल्याखेरीज इंजिन क्षणभरही चालवावयाचे नाही; कोरडे फिरल्यास पंपाच्या रबरी पाकळ्या जळतात. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार पडते ना, हे नाखवा डोळ्यांत तेल घालून पाहत, ते ह्याचसाठी.

इंजिनाचे पहिले दहा तासही त्यांनी असेच जपले होते. नव्या सिलिंडराचा पृष्ठभाग आणि दट्ट्यावरील कड्या ह्यांची परस्परांशी ओळख व्हावयाची असते. सूक्ष्म उंचवटे घासून ती एकमेकांस नीट बसली नाहीत, तर जोर कायमचा कमी होतो. म्हणून प्रथम वेग मध्यम ठेवावयाचा, पण तो एकसारखाही ठेवावयाचा नाही. आणि पेट्रोलात वंगण मिसळावे लागणाऱ्या इंजिनास ते अधिक द्यावयाचे. त्या दिवसांत शेजारच्या होड्या पुढे निघून गेल्या, मासळी त्यांस मिळाली, आणि मुलगा चिडला, तरी नाखवांनी वेग वाढविला नाही.

एव्हिन्रूड नावाच्या इंजिनांचे उत्पादन 2020 साली बंद झाले. त्याची कल्पना मात्र इतर अनेक नावांनी जगाच्या किनाऱ्यांवर वावरत आहे. यंत्र देशांतर करते तेव्हा आपल्या जन्मभूमीच्या गरजा बरोबर आणते, आणि त्यांचा खर्च नव्या घरास सोसावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये सरोवराने फुकट दिलेले पाणी कोकणात वैशाखातील विहिरीतून शेंदावे लागते. मी निघालो त्या सायंकाळी नाखवांची सून रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे चालली होती. पिंप अर्धेच भरले होते.