नागालँड पासिंग: ट्रक इथला, नंबर तिथला

चाकण किंवा भिवंडीच्या रस्त्यावर ‘एनएल ०१’ नंबरचे कंटेनर तुम्ही नक्की पाहिले असतील. ही नागालँड पासिंगची गाडी. पण तिच्या मालाचा कोहिमाशी संबंध असेलच असं नाही. मग नोंदणी तिकडे का? ‘कर वाचवायला’ हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. खरा प्रश्न असा, की एकाच देशात हा कर राज्यागणिक वेगळा का?

राज्यघटनेत मोटार वाहनं हा विषय समवर्ती सूचीत आहे, पण वाहनांवरचा कर राज्यसूचीत (नोंद ५७). म्हणजे नोंदणीचा कायदा देशभर एकच, आधी १९३९चा आणि आता १९८८चा, पण कराचा दर ज्या त्या राज्याचा. गाडी मात्र सीमा ओलांडणारच! १९५०च्या दशकात अजमेर हे वेगळं राज्य होतं. तिथल्या बस काही मार्गांवर राजस्थानच्या हद्दीतून जायच्या, म्हणून राजस्थानने कर मागितला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली निकाल लागला: रस्ता वापरल्याची ही भरपाई आहे, मुक्त व्यापारात अडथळा नाही. राज्यांचा हक्क पक्का झाला.

पुढे राष्ट्रीय परवाना आला. तरीही ज्या राज्यांत जायचं, त्या प्रत्येक राज्याचा कर वेगळा भरावा लागायचा. मे २०१०पासून हे बदललं. तेव्हा वर्षाला १५,००० रुपये एकत्रित शुल्क आणि गृहराज्याचे १,००० रुपये भरले, की देशभर मोकळीक मिळू लागली.

इथे जरा थांबून विचार करा. नोंदणी कुठेही असली तरी बाहेरचा खर्च आता सारखाच. मग तुलना कशाची उरते? गृहराज्याचा कर, तिथलं शुल्क आणि काम किती लवकर होतं, याची. सुधारणेने एक भिंत पाडली खरी, पण माझ्या मते त्यामुळेच उरलेला फरक जास्त महत्त्वाचा झाला.

कायद्याला हे माहीत नाही असं नाही. मालकाचं निवासस्थान किंवा व्यवसायाची जागा जिथे, आणि गाडी सहसा जिथे ठेवली जाते, तिथेच नोंदणी करावी असं कलम ४० सांगतं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. पण आज हरियाणात आणि परवा तमिळनाडूत असणारा ट्रक ‘राहतो’ कुठे? पळवाट याच शब्दात आहे.

आता हे तुमच्या कामाचं का? समजा, तुम्ही राज्यवार डिझेलचा वापर किंवा ट्रकमुळे होणारं प्रदूषण मोजताय आणि आधार घेतलाय नोंदणीच्या आकड्यांचा. मग नागालँडचा आकडा फुगेल आणि इथल्या रस्त्यावरचा धूर कोहिमाच्या खात्यात जमा होईल. नोंदणीचा आकडा सांगतो कर कुठे भरला. गाडी कुठे धावली ते टोलनाक्यावरची मोजणी सांगते. म्हणून कोणताही तयार डेटा हातात आला, की आधी विचारा: हा कोणी, कशासाठी गोळा केला होता?