मुलांची शस्त्रक्रिया आणि ‘शिकाऊ’ डॉक्टर : पालकांना माहीत हवे असे काही

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मुलाच्या हर्नियाचे ऑपरेशन ठरले की पालक हमखास विचारतात, “मोठे डॉक्टरच करणार ना? शिकाऊ तर नाही?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ या.

निवासी डॉक्टर कोण असतात?
इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस पूर्ण केलेले हे नोंदणीकृत डॉक्टर असतात. त्यानंतर जनरल सर्जरीचे एम.एस. 3 वर्षांचे आणि पुढे बालशल्यचिकित्सेचे एम.सीएच. आणखी 3 वर्षांचे. म्हणजे एम.एस. करून एम.सीएच.ला आलेला ‘शिकाऊ’ डॉक्टर आधीच सर्जन झालेला असतो.

मुलांसाठी वेगळे शिक्षण कशाला?
मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. 3 किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सुमारे 250 मिली रक्त असते. त्यातले 25 मिली गेले तरी दहावा हिस्सा गेला. बाळ लवकर गार पडते, म्हणून ऑपरेशन थिएटर उबदार ठेवावे लागते. हर्नियासाठी मोठ्यांना बहुधा जाळी बसवतात. लहान मुलांमध्ये सहसा फक्त हर्नियाची पिशवी बांधतात. पण मुलग्यांमध्ये वीर्यवाहिनी आणि अंडकोशाच्या रक्तवाहिन्या या पिशवीला चिकटून असतात. त्या न दुखावता अलग करणे हेच खरे कौशल्य.

ते कसे शिकतात?
पायरीपायरीने. आधी पाहणे, मग मदत करणे, टाके घालणे, ऑपरेशनचा एखादा भाग करणे आणि शेवटी वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्ण ऑपरेशन. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव आधी सिम्युलेटरवर करता येतो. त्यामुळे शिकणारे डॉक्टर आहेत का, यापेक्षा त्यांच्या शेजारी कोण उभे असेल, हे महत्त्वाचे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा
- ऑपरेशन कोण करणार? वरिष्ठ सर्जन थिएटरमध्ये हजर असतील का?
- भूल देणाऱ्या डॉक्टरांना एवढ्या लहान मुलांचा अनुभव आहे का?
- गरज पडल्यास बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का?
- किती तास उपाशी ठेवायचे? (सर्वसाधारणपणे जेवण व वरचे दूध 6 तास, आईचे दूध 4 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. तुमच्या डॉक्टरांची सूचना अंतिम माना.)
- घरी गेल्यावर त्रास झाला तर कोणाला गाठायचे?

असे विचारल्याने चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

इथे मात्र थांबू नका
हर्नियाची गाठ कडक, दुखरी झाली आणि आत जाईना, बाळाला हिरवी उलटी झाली किंवा मुलाच्या अंडकोशात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. अंडकोशाला पीळ पडला असेल तर पहिले 6 तास मोलाचे असतात. अशा वेळी मध्यरात्री तुमच्या मुलाला पहिल्यांदा तपासून वरिष्ठांना बोलावणारे बहुधा निवासी डॉक्टरच असतात. “मोठे डॉक्टर सकाळी येतील, तेव्हा दाखवू,” म्हणून घरी थांबू नका.