बाळाची वाढ आणि आईचे हात

‘बाळ खाते, पण अंगी लागत नाही,’ ही तक्रार महाराष्ट्रातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत असे. कोणी त्याला दृष्ट म्हणे, कोणी मुडदूस म्हणे. आणि अखेर बोल लागे तो आईला. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटते ती मुख्यतः गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांत. त्या काळात अन्न अपुरे पडले, अतिसार व ज्वर वारंवार आले, तर शरीर जगण्यासाठी वाढ आवरते घेते, आणि ती हानी पुढे क्वचितच पुरती भरून निघते. हे दिवस आईच्या उदरात आणि मांडीवर जातात. म्हणूनच खुंटलेली वाढ टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा मातांपर्यंत ज्ञान कसे पोचले, याचा इतिहास होय.

त्याचा एक आरंभ समुद्रकाठच्या बोर्डी गावी आढळतो. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या केंद्रांनी पुढे हेच नाव देशभर नेले. परंतु अंगणवाडीत येऊन बसणारे मूल तीन वर्षांचे असे. तोवर वाढीचा मोलाचा काळ सरून गेलेला असे.

ती उणीव भरून काढण्याची एक वाट जामखेडला सापडली. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने त्या अवर्षणग्रस्त भागात कार्य आरंभिले. तेथे १९७१च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. प्रारंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत धाडल्या. पण गावाने त्यांचे मनावर घेतले नाही. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, आणि बहुतेकींनी स्वतः लेकरे वाढविलेली होती. त्यांनी मुलांची वजने केली, पाण्याची व स्वच्छतेची निगा शिकविली, आणि चीक फेकू नये, गर्भिणीने पोटभर खावे, हे शेजारणीला शेजारणीच्या भाषेत सांगितले. पुढील पंचवीस वर्षांत अर्भकमृत्यूचे ते प्रमाण तिसांच्या खाली आले.

२००५ साली महाराष्ट्र शासनाने राजमाता जिजाऊंच्या नावे माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापिले. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. परंतु त्या दिवसाचा घास दुसऱ्या दिवशी पुनः मिळेलच, असे नसे. तो रोज, मऊ करून, थोडा थोडा पण अनेकदा मिळावा, हा साधा धडा आता घरोघर जाऊ लागला. २००५-०६ साली दोन वर्षांखालील शंभर मुलांत पस्तिसांहून अधिक खुजी होती. २०१२च्या पाहणीत ती सुमारे चोवीस भरली.

तथापि समाधान मानून स्वस्थ बसावे, अशी स्थिती नाही. पाच वर्षांखालील मुलांतील हे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा ३४.४ होते, २०१९-२१ मध्ये ते ३५.२ झाले. सर्वांच्या मागून जेवणारी, विशीच्या आत आई झालेली, रक्त कमी असलेली आणि दिवस भरत आले तरी मजुरीस जाणारी स्त्री केवळ उपदेशाने बाळाला पोसू शकत नाही. तिच्या ताटात अन्न, तिच्या देहाला विसावा आणि घरात तिच्या शब्दाला मान, हे देणे सासर-माहेराचे आणि समाजाचे आहे. जामखेडच्या स्त्रियांना आधी विश्वास मिळाला आणि मग त्यांची मुले वाढली. बाळाच्या उंचीचे माप घेताना, आईच्या वाट्याला काय आले, हेही मोजणे अवश्य आहे.