वापर नसल्याचा पुरावा

जुन्या मध्य प्रांताचे सरकारी कागद पाहायचे तर तुमसरकराला नागपूरचे अभिलेखागार गाठावे लागते. लिनक्स कर्नलचे दफ्तर मात्र तुमसरमध्ये बसून अख्खे उतरवून घेता येते. एप्रिल २००५ पासून मूळ शाखेत आलेला प्रत्येक बदल त्यात आहे. कोणी, कधी आणि बहुधा का, तेही. त्याआधीचा इतिहास लिनस टोरव्हाल्ड्सने पहिल्याच नोंदीत बाजूला ठेवला. तो गिट या नोंदप्रणालीत घेतला तर सुमारे ३.२ जीबी होतो, असे कारणही तिथेच दिले आहे. या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या की एका ड्रायव्हरचे आयुष्य बऱ्यापैकी जुळवता येते.

ड्रायव्हरचे नाव ‘क्यूएलजीई’. क्यूलॉजिक कंपनीच्या १० गिगाबिट नेटवर्क कार्डांसाठी तो लिहिला गेला आणि २००८ अखेरच्या २.६.२८ या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. योगायोग असा, की कच्च्या ड्रायव्हरांसाठीचा ‘स्टेजिंग’ हा विभागही त्याच आवृत्तीत उघडला. पुढे २०१६ मध्ये कॅव्हियमने क्यूलॉजिक घेतली आणि २०१८ मध्ये मार्व्हेलने कॅव्हियम. मार्व्हेलचे पुण्यातही केंद्र आहे. जबाबदार माणसांच्या यादीत या उलाढालीची खूण म्हणजे ईमेलच्या पत्त्यांतली बदललेली शेपटी. कार्ड मात्र तोवर म्हातारे झाले होते.

२०१९ मध्ये बेंजामिन पोइरिए यांनी क्यूएलजीई नेटवर्क विभागातून उचलून स्टेजिंगमध्ये नेला. नोंदीत कारणे दोन आहेत: उत्पादकाने हे कार्ड पाच वर्षांहून अधिक काळापूर्वीच बंद केल्याचे जाहीर केले आहे, आणि कर्नलच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे या कोडचा दर्जा इतर ड्रायव्हरांच्या तोडीचा नाही. आत येणाऱ्यांसाठी उघडलेले दार इथे बाहेर जाणाऱ्यासाठी वापरले गेले.

खरी मौज त्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. ड्रायव्हरच्या आत तपासणीचा बराच कोड होता: रजिस्टरांतली मूल्ये छापा, येणारी-जाणारी पाकिटे छापा. पण तो ‘क्यूएल_ऑल_डंप’सारख्या शर्तींच्या कुंपणात. बांधणीच्या वेळी हे नाव मुद्दाम दिले तरच कंपायलर त्या ओळींकडे पाहतो, एरवी त्या त्याच्या लेखी नसतातच. स्टेजिंगमधल्या सफाईत कोणीतरी छपाईचे जुने फंक्शन बदलून नवे घातले. नव्याला एक जास्तीची वस्तू लागत होती आणि कुंपणातल्या काही फंक्शनांकडे ती नव्हतीच. नेहमीची बांधणी बिनबोभाट झाली. ऑक्टोबर २०२० च्या दुरुस्तीत हा बिघाड नोंदवलेला आहे. तो उघड करण्यासाठी सगळी नावे हाताने देऊन बांधणी करावी लागते, आणि ती आज्ञाही नोंदीत उतरवली आहे. इतिहासकाराला यापेक्षा चांगला कागद कोण देणार?

दुरुस्ती झाली, पण प्रश्न उरला: हा कोड हवा कशाला? जानेवारी २०२१ मध्ये तो काढलाच. रजिस्टरांसाठी ‘एथटूल’ आहे, कोअरडंपसाठी ‘डेव्हलिंक’ आहे, मेमरीतल्या रचना पाहायला ‘क्रॅश’ किंवा ‘ड्रगन’ आहे, असा हिशेब नोंदीत दिला आहे. मला ही नोंद या सगळ्या दफ्तरातली सर्वांत शहाणी वाटते. ‘कोणी वापरत नाही’ असा दावा ती करत नाही. ते काम आता कुठे होते ते दाखवते.

कारण पहिला दावा सिद्ध करणे महाकठीण. २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या फ्लॉपीच्या कोडमध्ये २००४ पासून पडून होती, आणि फ्लॉपी न जोडलेल्या आभासी यंत्रांनाही तिचा धोका होता. म्हणजे पडून असलेला कोड निरुपद्रवी नसतो. पण २०१९ मध्ये लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरचे सांभाळकर्ते यिरी कोसिना यांच्याकडे चालू यंत्र उरले नाही, तेव्हा टोरव्हाल्ड्सने तो फक्त ‘अनाथ’ म्हणून नोंदवला. खरे यंत्र मिळेनासे झाले असले तरी आभासी यंत्रांत ते अजून आहे, म्हणून ड्रायव्हर जाणार नाही, असे त्याने लिहिले. त्याच वर्षी डेनिस येफ्रेमोव्ह यांनी तो सांभाळायला घेतला.

तुमसरच्या एखाद्या धान गिरणीत धर्मकाट्याला जुना संगणक जोडलेला असला, तर त्यात कोणते कार्ड आहे हे मार्व्हेलच्या पुण्यातल्या केंद्राला कळत नाही, कॅलिफोर्नियातल्यांना तर नाहीच. गिरणीवाला पॅच पाठवत नाही, तक्रारही लिहीत नाही. संगणक बंद पडला तर नागपूरहून नवा आणतो. दफ्तरात शांतता दिसते, तिचा अर्थ ‘वापर नाही’ असा लावायचा की ‘बोलणारा नाही’ असा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पोइरिए यांनीच क्यूएलजीई काढून टाकला. जानेवारी २०२१ च्या त्या सफाईनंतर लक्षणीय सुधारणा नाही, उत्पादकाने सोडून दिलेला, सांभाळायला कोणी पुढे आले नाही, आणि स्टेजिंग ही कायम राहण्याची जागा नव्हे, एवढीच कारणे आहेत. पुढे मात्र एक वाक्य आहे: वापरणारे कोणी समोर आले, तर ड्रायव्हर परत नेटवर्क विभागात ठेवला जाईल. हे वाक्य मी केवळ उपचार मानत नाही. स्टेजिंगमधून २.६.३३ मध्ये काढलेले अँड्रॉइडचे ड्रायव्हर २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत परत आलेच होते.