लघुभूखंडांवरील सामाजिक गृहनिर्माण : बीड जिल्हा

शहराच्या जुन्या वस्तीत मोकळ्या पडलेल्या अथवा अपुऱ्या वापरात असलेल्या लहान जागांवर, अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांसाठी शासनाने किंवा शासनाच्या अर्थसाहाय्याने त्या कुटुंबांनी घरे बांधणे, यास लघुभूखंडांवरील सामाजिक गृहनिर्माण म्हणता येईल. मुंबईत हा प्रश्न जागेच्या दुर्मिळतेतून निर्माण झाला. बीड जिल्ह्यातील नगरांत त्याचे मूळ निराळे आहे. येथे जागा आढळते. परंतु तिच्यावर हक्क कोणाचा, हे पुष्कळदा कागदावरून ठरत नाही.

बीड शहर बिंदुसरा नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. बीड, अंबेजोगाई, धारूर यांसारख्या गावांच्या जुन्या भागांत भिंतीला भिंत लावून बांधलेली माळवदाची घरे असत. वाटण्या होत गेल्या तसे वाडे विभागले गेले. एकाच्या वाट्यास ओसरी आली, तर दुसऱ्याच्या वाट्यास परसू. माळवद खचून मागील हिस्सा पडला म्हणजे त्या जागेस रस्त्यावर उघडणारे दारही उरत नाही. वारसांपैकी निम्मे पुण्यास किंवा औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) गेलेले असतात. मग अशी जागा ना विकली जाते, ना बांधली जाते.

हक्काच्या संदिग्धतेस इतिहासही कारणीभूत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि १९५४ च्या अधिनियमाने इनामे रद्द झाली. मात्र धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. पुढे नगरे वाढली, तशा अशा काही जमिनी वस्तीच्या मध्यभागी आल्या. तेथे दोन-दोन पिढ्या राहणारी कुटुंबे घरपट्टी भरतात, तथापि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. नगर भूमापनातील मिळकत पत्रिकेवर नाव असल्याखेरीज कर्ज किंवा अनुदान मिळणे दुरापास्त होते.

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर, १९१२ मध्ये, नगर सुधार मंडळ स्थापन झाले व त्याने गलिच्छ वस्त्या हटवून घरे बांधली. हे कार्य मुख्यतः राजधानीपुरते राहिले. जिल्ह्याच्या गावांना त्याचा लाभ झाला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) अस्तित्वात आल्यावर बीड जिल्हा त्याच्या औरंगाबाद मंडळाच्या कक्षेत समाविष्ट झाला.

लहान भूखंडांवरील घरबांधणीचा राज्यातील सर्वांत मोठा अनुभव मुंबईचा आहे. १९६९ च्या अधिनियमानुसार जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती व पुनर्रचना करण्यासाठी मंडळ नेमण्यात आले. पडलेल्या इमारतीचा भूखंड एकटा पुरेसा नसे, म्हणून शेजारचे भूखंड संपादून एकत्र करावे लागत. दरम्यान भाडेकरूंना संक्रमण शिबिरांत हलविले जाई आणि त्यांतील काही कुटुंबे तेथेच दशकानुदशके राहिली. बीडला हा मार्ग उपयोगी नाही. उपकर देणाऱ्या बहुमजली चाळी येथे नाहीत आणि वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च भागेल अशी जमिनीची किंमतही नाही.

राज्याची अन्य साधनेही अशा नगरांच्या अलीकडेच थांबली. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा अधिनियम मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर यांसारख्या मोठ्या नागरी समूहांस लागू होता. बीडला तो नव्हता आणि २००७ मध्ये राज्याने तो रद्द केला. मोठ्या अभिन्यासांत दुर्बल गटांसाठी वीस टक्के घरे राखण्याचा नियमही दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे. बीड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. दीड लाख होती.

परिणामी शासकीय वसाहती गावाबाहेरच्या सलग जमिनीवर उभारण्याकडे कल राहिला. एका जागेवर एकाच निविदेने शंभर घरे बांधणे कार्यालयास सोयीचे, हे उघडच आहे. पण मंडईत हमाली करणाऱ्यास वा घरकाम करणाऱ्या स्त्रीस रोजच्या रिक्षाचा खर्च परवडत नाही. दुसरीकडे, गावातील प्रत्येक मोकळी जागा बांधण्यायोग्य असते असेही नाही. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेस आलेल्या पुराने बीड शहरात मोठी जीवितहानी झाली. नदीकाठची जागा स्वस्त असते, याचे एक कारण हेच.

या पार्श्वभूमीवर २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतील (नागरी) ‘लाभार्थीद्वारे वैयक्तिक बांधकाम’ हा घटक छोट्या नगरांस सर्वाधिक मानवला. त्यात नवी जमीन संपादावी लागत नाही. कुटुंबाने स्वतःच्या जागेवर ३० चौ. मी. पर्यंत चटईक्षेत्राचे घर बांधावयाचे आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये टप्प्याटप्प्याने घ्यावयाचे, अशी तिची रचना होती. राज्याची रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी याच धर्तीवर चालते. दोन्हींत जागेचा हक्क सिद्ध करावा लागत असल्याने सर्वांत गरजू तेच वगळले जात. २०१८ मध्ये शासकीय जमिनींवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने स्वीकारले, ते बव्हंशी या अडचणीपोटी. खाजगी वा इनामी जागेवर राहणारे, तसेच भाडेकरू, यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

जिल्ह्याची आणखी एक अडचण योजनेच्या नियमांत कोठेच धरलेली नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार), वडवणी या गावांतून व परिसरातून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस परततात. अनुदानाचा हप्ता जोते, भिंती, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे घेऊन दिला जातो. बांधकामाचे कोरडे महिने नेमके तेच, ज्यांत घरधनी कारखान्याच्या कोपीवर असतो. परतल्यावर पावसापूर्वी त्याच्या हाती जेमतेम दोन महिने उरतात.