उस्तादाचा आवाज आणि लेझीमचा ताल

२०२० चा एप्रिल. नागपुरात मोमिनपुरा आणि सतरंजीपुरा सील झाले आणि अम्मीचं पहाटेचं फिरणं बंद पडलं. ती मोमिनपुऱ्यात भाईजानकडे, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्याभरात तिचे गुडघे आखडायला लागले. भाचीने मोबाईलवर घरी करायच्या व्यायामाचा एक व्हिडिओ शोधून दिला. चौथ्या दिवशी अम्मीचा उजवा गुडघा सुजला.

मी तोच व्हिडिओ माझ्या घरी लावून पाहिला. शिकवणारी बाई काही चुकीचं सांगत नव्हती. ‘खुर्चीवर बसल्यासारखं मागे जा, गुडघे आत वळू देऊ नका,’ असं ती स्पष्ट सांगत होती. पण नेमकं त्याच वेळी मागचं संगीत चढत होतं. मला हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, तेव्हा ‘गुडघे आत’ हे शब्द कळले. पासष्टीच्या अम्मीला मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून काय कळणार? तिला दिसलं ते एवढंच की बाई खाली जाते आणि वर येते. फोनवर ती मला म्हणाली, “गाना सुनूँ, कि उसकी बात सुनूँ?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. शोध घेत गेले तेव्हा कळलं की तो मोबाईलच्या जमान्यातला नाहीच. कवायत शिकवणाऱ्या प्रत्येक उस्तादाला तो पडलेला आहे आणि त्यांनी त्याची उत्तरंही शोधलेली आहेत.

आपल्या ओळखीच्या लेझीमपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ती कधीतरी हातात धरलेली असते: लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यात वाजणाऱ्या चकत्या. ‘लेझीम’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दू शब्दकोशात ‘लेज़म’चा अर्थ सापडतो, व्यायामासाठीचं धनुष्य, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असते. म्हणजे मुळात ती ताकद कमावण्याची वस्तू. हात मागेपुढे झाले की साखळी वाजणारच, आणि त्या वाजण्यातूनच ताल तयार झाला.

इराणच्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या पारंपरिक तालमीत, साखळीचं हे जड धनुष्य आजही फिरवलं जातं. युनेस्कोने २०१० साली ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जोरखान्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिलवान एका खोलगट हौद्यात उतरून कसरत करतात. वर उंच बैठकीवर एक माणूस बसतो. त्याच्यापुढे ढोल, शेजारी टांगलेली घंटा. तोच ढोल वाजवतो, तोच हाफिज-सादी आणि शाहनाम्यातल्या ओळी गातो आणि कसरतीला चालनाही तोच देतो. त्याला म्हणतात ‘मुर्शिद’, म्हणजे वाट दाखवणारा. त्याच्या ढोलाचं नाव ‘जर्ब’. उर्दू शाळेतल्या मुलांना हा शब्द गणितातून ओळखीचा आहे, कारण गुणाकाराला आम्ही जर्ब म्हणतो. मूळ अर्थ मात्र आघात, ठोका.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की तिथे संगीत आणि सूचना ही दोन वेगळ्या माणसांची कामं नाहीत. ज्याच्या तोंडी आवाज, त्याच्याच हाती ताल. बोलायचं असेल तेव्हा हात हलका कधी करायचा, हे त्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

आता बडोद्याला येऊ. गायकवाडांचं संस्थान, दरबार आणि तालमी मराठी वळणाच्या. तिथे जुम्मादादा नावाचे एक मुसलमान उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात तयार झालेला शिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव, ज्यांना पुढे ‘राजरत्न’ म्हणून ओळखलं गेलं. माणिकरावांनी आखाडा वाढवला, देशभर नावारूपाला आणला. पण नाव उस्तादाचंच राहिलं: जुम्मादादा व्यायाम मंदिर. उस्तादाचं नाव आणि ‘मंदिर’ हा शब्द एकाच पाटीवर. याच बडोद्यातून पुढे द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला.

माणिकरावांच्या दोन कामांचा या विषयाशी थेट संबंध आहे. एक, त्यांनी लेझीमला सामुदायिक कवायतीचं रूप दिलं. दुसरं, इंग्रजी हुकमांवर चालणारी कवायत त्यांनी हिंदी हुकमांवर आणली. एकीकडे ताल, दुसरीकडे आवाज. शंभर मुलं मैदानावर उभी करायची, प्रत्येकाच्या हातात वाजणारी लेझीम द्यायची, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या मुलाला हुकूम ऐकू गेला पाहिजे. माईक नाही, स्पीकर नाही. हे जमायचं कसं?

याचं उत्तर कवायतीच्या हुकमातच आहे. ‘पीछे... मुड!’ हा हुकूम आठवून पाहा. पहिला शब्द लांबवलेला, दुसरा तुटक. पहिल्याने काय करायचं ते कळतं, दुसऱ्यावर ते करायचं. मधल्या क्षणात शरीर तयार होतं. म्हणजे सूचना हालचालीच्या आधी संपलेली असते. ठोका नंतर पडतो.

मला लेझीम शिकवणारे पी.टी.चे सर अमरावतीला तयार झालेले होते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूने कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. विदर्भातल्या कितीतरी शाळांना तिथून शिक्षक मिळाले. आमचे सर नवा हात शिकवायचे तेव्हा ढोल बंद असायचा. लेझीमसुद्धा खाली ठेवायला लावायचे. आधी रिकाम्या हातांनी, आकड्यांवर. मग लेझीम हातात. ढोल सगळ्यात शेवटी. एकदा ढोल सुरू झाला की सर बोलत नसत. हात बदलायचा असेल तर एक शिट्टी, आणि पुढच्या ‘एक’वर सगळे बदलायचे. ढोलाच्या डोक्यावर ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

बी.एड.ला आम्हाला हेच वेगळ्या शब्दांत शिकवलं होतं: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मुलं लिहीत असताना नवा मुद्दा सांगू नका. एका वेळी एक.

मग हे बिघडलं कुठे? व्यायाम मैदानातून घरात आला तेव्हा लगेच बिघडलं नाही. जपानमध्ये १९२८ साली रेडिओवर कवायत सुरू झाली आणि ती आजही रोज सकाळी साडेसहाला लागते. सोबत पियानो आणि सूचना देणारा निवेदक. रेडिओवर चित्र नाही, त्यामुळे शब्द ऐकू आला नाही तर सगळंच संपलं. म्हणून पियानोला जागा सोडावीच लागते.

१९८२ साली अमेरिकेत जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली, लाखोंनी खपली, आणि दिवाणखान्यात टीव्हीसमोर व्यायाम करण्याची रीत जगभर पसरली. आता चित्र होतं. चित्रामुळे बनवणाऱ्यांची समजूत झाली असावी की दिसतंय ना, मग ऐकू कमी आलं तरी चालेल. संगीत उत्साहासाठी चढत गेलं. पण कसरतीत जे डोळ्यांना दिसतं ते अर्धंच असतं. वजन टाचेवर आहे की चवड्यावर, श्वास कधी सोडायचा, कुठे दुखलं तर थांबायचं, हे चित्रात दिसत नाही. ते सांगावंच लागतं. शिवाय जमिनीवर पालथं पडलेल्या माणसाला पडदा दिसतो तरी कुठे?

वय वाढतं तसे आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ असली व्यंजनं त्यातच येतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. वर झांजांचा आणि ठोक्यांचा मारा झाला की उरलेलंही झाकलं जातं. वेबसाइटी सर्वांना वापरता याव्यात म्हणून २००८ साली जे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत बोलणं मुख्य असलेल्या ध्वनिमुद्रणासाठी एक अट आहे: मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने कमी हवा, म्हणजे कानाला साधारण चौपट हळू. २०२३ मध्ये ॲपलने आपल्या व्यायामाच्या सेवेत संगीत पुढे हवं की शिकवणाऱ्याचा आवाज, हे निवडायची सोय दिली. सोय चांगली आहे. पण मोमिनपुऱ्यातली अम्मी फुकटचा व्हिडिओ पाहते, तिथे असं बटण नसतं.

तसं पाहिलं तर या नियमाची सवय आपल्या घरात आहेच. अजान सुरू झाली की कोणीतरी उठतं आणि टीव्हीचा आवाज कमी करतं. संपली की पुन्हा वाढवतं. कुठला आवाज आधी, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी एवढंच करायचं आहे: बोलताना संगीत खाली, बोलून झालं की वर. आणि सूचना ठोक्याच्या आधी.

काही घरांत संगीतच नको असतं, काहींना त्याशिवाय हात उचलावासा वाटत नाही. त्या वादात मी पडत नाही. दोघांनाही शिकवणाऱ्याचा शब्द मात्र हवाच. ज्या बायकांना जिमची फी परवडत नाही, किंवा घरातून तेवढा वेळ बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी मोबाईलमधला आवाज हाच उस्ताद आहे. तो ऐकू आला नाही तर त्यांनी विचारायचं कोणाला?

अम्मीची सूज पंधरा दिवसांनी उतरली. मग फिजिओथेरपिस्ट बाईंना फोनवर विचारून मी पाच सोप्या कसरती घेतल्या आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवल्या. संगीत नाही. आधी सांगणं, मग थोडं थांबणं, मग ‘एक, दो, तीन, चार’. मोजताना मी स्टीलच्या ताटावर चमच्याने ठोका दिला होता, पण बोलताना चमचा खाली ठेवला होता.

तो व्हॉइस मेसेज अजून तिच्या फोनमध्ये आहे. आता शेजारच्या दोन खालाही सकाळी येतात. मध्यंतरी अम्मीचा फोन आला, “बेटा, चमचा थोडा ज़ोर से बजाती तो अच्छा था.” मग म्हणाली, “लेकिन बात समझ में आती है.”